काजळ घातलेला तांबोसा

सुभद्राबाईंबद्दल कोणी विचारलं की मी म्हणते, "आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस. फार चांगल्या आहेत." एवढं बोलून विषय बदलते. चांगल्या तर त्या आहेतच, त्यात खोटं काही नाही. पण पुढचं सांगायचं तर माझं स्वतःचं सांगावं लागतं, आणि ते मी इतकी वर्षं टाळलं. आज सांगून टाकते. हसतील त्यांचे दात दिसतील.

माझं नाव योगिनी. माहेर आतल्या कट्टा गावचं. घरी काजू, आंब्याची चार कलमं, पोटापुरतं भात. बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला नाही, मग लग्न झालं आणि मालवणच्या अलीकडच्या या गावात आले. आमचं घर वरच्या वाडीत, शेतकऱ्यांचं. खाली किनाऱ्याला मच्छीमारांची वाडी. दोन वाड्यांमध्ये पंधरा मिनिटांची पायवाट आहे, पण सोयरीक नाही, आणि लग्नकार्य सोडलं तर फारसं जाणं-येणंही नाही. २००३ च्या जूनमध्ये मी खालच्या वाडीत अंगणवाडी सेविका म्हणून लागले. अंगणवाडी म्हणजे मच्छीमारांच्या जुन्या गोदामातली एक खोली. बाजूच्या खोलीत जाळी ठेवायचे. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावूनच आत गेले.

सुभद्राबाई तिथे माझ्याआधीपासून मदतनीस होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. पंचवीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले, गुडघे गेले, तेव्हा ही नोकरी धरली. नवरा धोंडू रापण ओढायला जायचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं दोरांनी ओढून काढायचं काम. सुभद्राबाईंचा आवाज असा, की त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून पोरांना हाक मारली की वाडीच्या टोकाचं पोर चड्डी सावरत पळत यायचं. मला घरोघर फिरून पोरं गोळा करावी लागली नाहीत ती त्यांच्यामुळे. खिचडी त्या शिजवायच्या, नाकं त्या पुसायच्या, रडणाऱ्याला कडेवर त्या घ्यायच्या. मी रजिस्टरं भरायचे. हजेरीचं, आहाराचं, वजनाचं, लसीकरणाचं, गृहभेटींचं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला त्याचा फार अभिमान होता.

डिसेंबरात मुंबईच्या कुठल्याशा संस्थेकडून चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. बारा पुस्तकं, मोठी, गुळगुळीत कागदाची. प्रत्येक पानावर पानभर चित्र आणि खाली एकच ओळ. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवा. मी आठ दिवस वाचून दाखवलं. पुस्तक उभं धरायचे, ओळीवर पट्टी ठेवायचे आणि म्हणायचे, "हा मासा आहे. म्हणा." पोरं म्हणायची, "हो मासो आसा." मी म्हणायचे, "मासो नाही, मासा. आसा नाही, आहे." पोरं गप्प व्हायची. नवव्या दिवशी मी पुस्तकं सुभद्राबाईंकडे दिली आणि म्हटलं, "साबणाने हात धुवा आणि यांना जरा चित्रं दाखवून गप्प बसवा. माझी रजिस्टरं राहिलीत."

त्यांना वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या, पगाराच्या कागदावर 'सुभद्रा' एवढं चार मिनिटं लावून लिहायच्या. बाकी अक्षर म्हणाल तर शून्य. हे सगळं ठाऊक असताना पुस्तकं मीच त्यांच्या हातात दिली, हे आधी नीट नोंदवून ठेवते.

त्यांनी माशाचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर एक लाल-केशरी गुबगुबीत मासा होता. चित्र काढणाऱ्याने त्याला हसरे ओठ आणि लांब काळ्या पापण्या काढल्या होत्या. सुभद्राबाई पुस्तक डोळ्यांशी नेऊन म्हणाल्या, "हो खंयचो मासो गो बाय? माशाक खंय पापणेचे केस असतत?"

मी रजिस्टरातून मान वर केली नाही. तेवढ्यात पोरांमधून एक बारीक आवाज आला, "तेना काजळ घातल्यान!"

ही वर्षाली. चार वर्षांची. जूनपासून अंगणवाडीत येत होती आणि सहा महिन्यांत तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'बोलत नाही' असा शेरा होता, सुंदर अक्षरात.

"व्हय तर!" सुभद्राबाईंनी लगेच उचललं. "हो तांबोसो. आज लगीन आसा तेचा. म्हणान काजळ घालून बसलो हा. आता वरातीक कोण कोण येतला, सांगा बघूया!"

त्या दिवशी सुरू झालेलं तांबोशाचं, म्हणजे त्या लाल माशाचं, लग्न वर्षभर चाललं. बांगडे वाजंत्री, कारण ते कधी एकटे हिंडत नाहीत. शिंगाळ्याला मिशा असतात, म्हणून तो फौजदार. लेप्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, तेव्हा पंगतीत वाढायला त्याला उभं केलं की एका ओळीला तीनदा भात आणि दुसरी ओळ उपाशी. कर्ली ही नवऱ्यामुलाची आत्या, अंगभर काटे, कोणी जवळ गेलं की टोचणार. पेडवे म्हणजे पोरंसोरं, सगळीकडे पायात पायात. प्रत्येक पोराला एकेक मासा वाटून दिलेला होता. वर्षाली कर्ली झाली होती आणि आत्याबाईंचं भांडण अशा ठसक्यात करायची की मलाही रजिस्टरामागे हसू यायचं. पान उलटलं की चित्रात जे असेल ते लग्नात यायचं. पाण्यातलं शेवाळ दिसलं की मांडव, चंद्र दिसला की पेट्रोमॅक्सची बत्ती. शेवटच्या पानावर मासा झोपलेला होता. तिथे सुभद्राबाई म्हणायच्या, "लगीन करून दमलो बिचारो." मग सगळी पोरं जमिनीवर आडवी होऊन घोरायची, आणि मला अर्धा तास शांतता मिळायची.

पोरांना वाटायचं, हे सगळं पुस्तकात लिहिलंय. सुभद्राबाई सांगताना बोट ओळीवरून फिरवायच्या, माझं बघून शिकल्या असतील. दुसऱ्या दिवशी एखादा शब्द चुकला तर पोरं ओरडायची, "आजी, तसा नाय लिवलला!" मग त्या पुन्हा पुस्तकात डोकावल्यासारखं करून चूक सुधारायच्या. यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण माझं काम होत होतं.

२००५ च्या फेब्रुवारीत आमच्या मुख्यसेविका मॅडम तपासणीला आल्या. नव्याने बदलून आलेल्या, घाटावरच्या. न कळवता आल्या आणि दारातच थांबल्या. आत लग्न रंगात आलं होतं. वर्षाली कमरेवर हात ठेवून फौजदाराशी भांडत होती. मॅडम पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मी उठून नमस्कार केला तर हातानेच म्हणाल्या, थांबा.

पुस्तक संपल्यावर त्या आत आल्या. माझी रजिस्टरं मी पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवली.

"काय सुंदर वाचतात या!" त्या म्हणाल्या. "मला भाषा अर्धीच कळली, पण मुलं बघितली ना! पुढच्या महिन्यात ओरोसला सगळ्या सेविकांचा मेळावा आहे. मुलांना वाचून कसं दाखवायचं, याचं प्रात्यक्षिक हवंय मला. सुभद्राबाई, तुम्हीच या. हेच पुस्तक घेऊन या."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. लहान मुलीसारख्या लाजल्या हो त्या. ओरोस म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, तिथे दोनशे बायांसमोर. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढंच होतं, की जाऊ ना गो बाय?

आणि माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला. बारावी शिकलेली मी, अक्षर माझं चांगलं, खोलीत नवे तक्ते मी लावलेले, आणि माझ्याकडे ढुंकून न बघता कौतुक कोणाचं, तर खिचडी ढवळणाऱ्या बाईचं. दीड वर्षात मॅडमच काय, कोणीच मला 'सुंदर वाचता' म्हटलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "त्यांना वाचता येत नाही. त्या मनाचंच सांगतात."

हे मी बाहेर नेऊन सांगू शकले असते. दोन पावलांवर ओटा होता. पण मी अठरा पोरांच्या मधोमध, मोठ्याने सांगितलं. मॅडमना नीट कळलं नसावं, त्या म्हणाल्या, "म्हणजे?" तेव्हा मी काय केलं, तर पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं, सुभद्राबाईंच्या पुढे धरलं आणि म्हटलं, "सुभद्राबाई, इथे काय लिहिलंय तेवढं वाचा ना मॅडमना."

त्यांनी पुस्तक घेतलं. बोट ओळीवर ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

पोरं वाट बघत होती. वर्षालीला वाटलं आजी विसरली. ती पुढे सरकली आणि हळूच कुजबुजली, "आजी, तांबोसो काजळ घालून बसलो हा."

"बघितलंत ना?" मी म्हटलं, आणि पुस्तक काढून घेऊन वाचलं, "हा मासा आहे."

वर्षाली माझ्यावर संतापली. "खोटा! बाय खोटा वाचता! आजी, तू वाच!"

पाच वर्षांच्या पोरीने खोटारडी म्हटलं म्हणून मी आणखी पेटले. तिचं बोट धरून अक्षरावर टेकवलं. "हे बघ. म ला काना मा. स ला काना सा. मासा. कुठे आहे तांबोसा? दाखव कुठे आहे काजळ?" पोर अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून सुभद्राबाईंकडे बघितलं.

सुभद्राबाई खाली बसल्या. गुडघे दुखायचे तरी बसल्या, वर्षालीच्या तोंडासमोर तोंड यावं म्हणून. आणि म्हणाल्या, "बाय वाचता ताच खरा हा, चेडवा. माका वाचूक येना."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खिचडी बघायला गेल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग रजिस्टरं ओढली आणि सह्या केल्या. जाताना म्हणाल्या, "मग मेळाव्याला तुम्हीच या."

मी गेले. खोटं कशाला बोलू, आनंदाने गेले. नवी साडी नेसले. एसटीत बसून पुस्तक मांडीवर घेतलं आणि ठरवलं, की छापलेलं वाचून भागायचं नाही, दोनशे बाया जांभया देतील. तिथे स्टेजवर उभी राहून मी तांबोशाचं लग्न लावलं. शुद्ध मराठीत. बांगडे, शिंगाळा, लेपा, सगळे आणले. कर्ली कुठे येते ते आठवेना, ती गाळली. तरी बाया हसल्या, टाळ्या वाजल्या. कोणीतरी माईकवर म्हणालं, "योगिनीताईंनी साध्या एकेका ओळीतून केवढी गोष्ट रचली, बघा." मी नमस्कार केला. 'ही माझी नाही' असं म्हणायला एक वाक्य लागतं. ते मी म्हटलं नाही. मुख्यसेविका मॅडम पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढं मला दिसलं.

अंगणवाडीत पोरांनी तोवर हे सगळं साधं, रोजचं करून टाकलं होतं. सिद्धेश नावाचा एक आगाऊ पोरगा सुभद्राबाईंना येता-जाता विचारायचा, "आजी, तुका वाचूक येना?" त्या म्हणायच्या, "नाय रे बाबा." न चिडता म्हणायच्या. हाक तशीच, खिचडी तशीच, नाकं पुसणं तसंच. फक्त पुस्तकांना हात लावायच्या नाहीत. फळीवर केरसुणी फिरवताना पुस्तकं आली की तेवढा भाग सोडायच्या. वर्षाली आता माझ्यासमोर बसायची, पट्टी ठेवली की बरोबर 'हा मासा आहे' म्हणायची, आणि कर्ली होत नव्हती.

मेळाव्याहून आल्यावर आठेक दिवसांनी सुभद्राबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बाय, त्या पुस्तकांत काय काय लिवलला आसा ता माका सांगशीत? मी पाठ करतंय."

"कशाला?" मी विचारलं.

"पोरांका मी खोटा सांगी हुतंय. आता खरा सांगतंय."

त्यांची बुद्धी तल्लख. पंचवीस वर्षं कुठल्या गावात कुठल्या घरी कुठला मासा चालतो हे डोक्यात ठेवणारी बाई ती. मी ओळ दोनदा वाचायचे की झालं. बारा पुस्तकं त्यांनी पंधरा दिवसांत पाठ केली, कुठली ओळ कुठल्या पानाखाली आहे ते चित्रावरून लक्षात ठेवून. 'आसा' म्हणायच्या नाहीत, 'आहे' म्हणायच्या, जीभ वळवून. मी त्यांना अक्षरं शिकवू शकले असते. एवढ्या बुद्धीच्या बाईला दोन महिने पुरले असते. मला सुचलं नाही असं म्हणता आलं असतं, पण सुचलं होतं. त्या खरंच वाचायला लागल्या तर मग माझ्याकडे काय राहणार, हेही सुचलं होतं.

मग त्या रोज पोरांपुढे पुस्तक उघडून बसू लागल्या. बोट ओळीखालून फिरवायचं, छापलेलं वाक्य म्हणायचं, पान उलटायचं. पाच मिनिटांत पुस्तक संपायचं. पोरं हाताची घडी घालून बसायची. मी त्या पहिल्या आठ दिवसांत जे घोकून घेऊ बघत होते ते आता सगळं मिळालं होतं, आणि ते ऐकवत नव्हतं. एकदा न राहवून म्हटलं, "सुभद्राबाई, पूर्वीसारखं सांगा ना. पोरांना आवडायचं."

"ता पुस्तकात खंय आसा?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडले तरी असते.

दिवस गेले. वर्षाली पहिलीत गेली. २००६ ला मला मुलगी झाली, पूजा. २००९ मध्ये ती तीन वर्षांची झाली आणि माझ्याबरोबर खालच्या वाडीत येऊ लागली. घरी ती मला म्हणायची, गोष्ट सांग. मी माशाचं पुस्तक घरी नेलं आणि तिला तांबोशाचं लग्न सांगू लागले. तीन पानं झाली आणि अडले. पूजाने विचारलं, "हो भांडता कोण?" कर्लीचं नाव घेतलं, पण तिचं भांडण मला सांगता येईना. मी कट्ट्याची, आमच्याकडे मासा येतो तो कापून, तिखट-मीठ लावून. कोणता मासा कोणाशी कसा वागतो हे मला काय ठाऊक? एकदा अंगणवाडीत सांगताना नवीन काही जोडायचं म्हणून मी मिशांच्या शिंगाळ्याला नवरीची मावशी केलं, तर अंगणवाडीतली पोरं अशी हसली की माझी लाजेने मान खाली गेली.

शेवटी पुढच्या वर्षी सुभद्राबाईंची नोकरी संपायला महिनाभर उरला, तेव्हा एका दुपारी मी पूजाला हाताला धरून त्यांच्याजवळ गेले. त्या ओट्यावर भांडी पालथी घालत होत्या. मी पुस्तक पुढे केलं.

"सुभद्राबाई, माझं फार चुकलं होतं तेव्हा. हिला एकदा तांबोशाची गोष्ट सांगा. मला येत नाही."

त्यांनी हात पदराला पुसले. "ती गजाल?" त्या म्हणाल्या. "ती तुझी मा आता? ओरोसाक सांगलंस नाय तू? शेवंती हुती थंय, शेजारच्या अंगणवाडीची. तिना माका सांगल्यान, तुझी बाय किती बरा सांगता म्हणान."

पाच वर्षं. पाच वर्षं ही बाई हे मनात ठेवून माझ्यासमोर तांदूळ निवडत होती, माझ्या पोरीचं नाक पुसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझी नाही, तुमचीच आहे, असं काहीबाही मी बोलत राहिले. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी पूजाला जवळ ओढलं, मांडीवर बसवलं, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत पुस्तक उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी सांगतील.

सुभद्राबाईंनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जसं छापलंय तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, त्यांनी सगळं पुस्तक शुद्ध मराठीत म्हटलं. "मासा झोपतो," म्हणून पुस्तक मिटलं. पूजा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, अजून काहीतरी येईल म्हणून.

त्यांनी मान वर करून मला विचारलं, "बरोबर मा, बाय?"

"बरोबर," मी म्हटलं.